साडेचारची भूक आणि दहा रुपयांची पुडी



गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका वस्तीत विहाराच्या सभागृहात आम्ही मुलांची तपासणी ठेवली होती. वजन, उंची आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन, एवढेच. मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे सुई टोचण्याचे काम माझ्याकडे. रांगेत नऊ वर्षांची एक मुलगी होती. शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला निरोप दिला होता, ही दुपारनंतर वर्गात डोके टेकवून झोपते, अभ्यासात लक्ष नाही. तिचे हिमोग्लोबिन आले ८.२. या वयाला ते निदान ११.५ असायला हवे.

मी आईला रागावले. आज सांगायला लाज वाटते, पण रागावले. "ताई, पोरीच्या तब्येतीकडे लक्ष नको का द्यायला?" असे चार लोकांत म्हणाले आणि आहाराचा छापील कागद तिच्या हातात दिला. सकाळी दूध आणि बदाम, अकराला सफरचंद, दुपारी पनीर, संध्याकाळी पालकाचे सूप. ती काही बोलली नाही. कागदाची घडी करून तिने पिशवीत ठेवली.

दोन आठवड्यांनी तिच्या घरी गेले तेव्हा तो कागद आरशामागे खोचलेला दिसला. ती म्हणाली, "कागद चांगला आहे जी सिस्टर. पण तो वाचला की मलाच कसंतरी होते. यातलं माझ्या घरात काहीच नाही."

मग मी सल्ला देणे थांबवले आणि त्या घरात दिवसभर काय होते ते विचारत बसले. बाई सकाळी सहाला निघते. चार घरची धुणी-भांडी करून अकराला परतते, स्वयंपाक करते आणि तीनला परत कामावर. यायला सात वाजतात. नवरा बांधकामावर. घरी सासूबाई, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ सकाळी चहा-पोळी नाहीतर चहा-टोस्ट खाऊन शाळेत जातात. दुपारी शाळेतली खिचडी. साडेचारला शाळा सुटते. घरी आले की आजी झोपलेली, चूल थंड, आणि फळीवर डब्याखाली दोघांचे दहा-दहा रुपये ठेवलेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्स किंवा पोंग्यांची पुडी येते, कधी दोघांत मिळून रंगीत पाण्याची बाटली. रात्री आठला आई गरम भाकर, वरण, भाजी वाढते. दोन घास खाऊन मुले म्हणतात, भूक नाही. आई समजते, माझी लेकरे जेवतच नाहीत.

या घरात हेळसांड कोणीच करत नव्हते. आई राबत होती, रात्रीचे जेवण चांगले होते, पैसेही अगदीच नव्हते असे नाही. फक्त दिवसातली सगळ्यात मोठी भूक साडेचारला लागत होती आणि त्या वेळी घरात हाताशी काही नव्हते. ती भूक रोज दुकान भागवत होते. आजचा लेख या एका वेळेबद्दल आहे.

४०० रुपये किलोचा बटाटा

हे एकट्या घराचे चित्र नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांमध्ये रक्त कमी आढळले. बायकांमध्ये १०० पैकी ५४. म्हणजे आई आणि लेकरू दोघेही थकलेले, आणि दोघांनाही ते थकणे अंगवळणी पडलेले.

त्या दिवशी मी दुकानातून दहा रुपयांच्या तीन पुड्या घेतल्या आणि त्यांच्यावर छापलेले वजन बाईला वाचून दाखवले. पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हिशेब सोपा आहे. २५ ग्रॅमला १० रुपये, तर किलोला ४०० रुपये. बटाटा आपण तीस-चाळीस रुपये किलोने घेतो, पण पुडीतला बटाटा ४०० रुपये किलोने. आमच्याकडे चिकन यापेक्षा स्वस्त मिळते. बाई एकदम हसली, मग गप्प झाली. दोन मुलांचे रोजचे २० रुपये, महिन्याला ६००. सकाळी शाळेत जाताना मुलगा हट्ट करतो म्हणून आणखी पाच-दहा. सगळे धरून ८०० रुपयांच्या वर जात होते.

त्या पुडीतून मिळते काय? २५ ग्रॅम चिप्समध्ये साधारण आठ ग्रॅम तेल असते, मीठ असते आणि प्रथिने दोन ग्रॅमच्याही आत. प्रथिने म्हणजे ज्याने मुलाचे अंग भरते, उंची वाढते, जखम भरून येते ते. तेल आणि पिठाने पोट काही वेळ भरल्यासारखे वाटते, पण रक्त बनायला लागणारे त्यात जवळजवळ काही नसते. मीठ-मसाल्याची चव जिभेला एवढी तीव्र लागते की रात्रीचे वरण बेचव वाटायला लागते. मुलाला आईच्या हातची भाजी आवडत नाही असे नाही. त्याच्या जिभेला दुसरी सवय लागली आहे.

बाटलीचे तर विचारूच नका. रंगीत गोड पेयात दर १०० मिलीला दहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते. २५० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो एवढ्यातच ठेवायला सांगते. लेकरू ती पाच मिनिटांत पिते. बाटलीवर आंब्याचे चित्र आहे म्हणून ते फळ होत नाही.

पुडीच्या मागे घटक बारीक अक्षरात लिहिलेले असतात. ते वजनाच्या क्रमाने लिहायचा नियम आहे, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. साखर किंवा मैदा पहिल्या दोन नावांत दिसला की समजून घ्या. तुमच्या घरी आठवी-नववीतले पोर असेल तर हे वाचायचे काम त्याला द्या. इंग्रजी अक्षरे लावून वाचण्यात त्यांना मौज वाटते आणि मोठ्यांपेक्षा ती लवकर पटतात.

त्याच दहा रुपयांत

मी ही यादी बाईबरोबर दुकानात उभी राहून केली. भाव आमच्या भागातले आणि त्या महिन्यातले आहेत, तुमच्याकडे थोडे कमी-जास्त असतील.

दहा रुपयांचे फुटाणे आले ६५ ग्रॅमच्या आसपास. त्यात प्रथिने १३-१४ ग्रॅम, पुडीच्या सहा-सातपट. दहा रुपयांचे कच्चे शेंगदाणेही साधारण तेवढेच, त्यात प्रथिने जरा जास्त आणि चांगले तेलही. दहा रुपयांचे हरभरे घेतले तर शंभर ग्रॅमच्या जवळ येतात. रात्री भिजवून सकाळी मीठ घालून शिजवले की दोन मुलांना दोन वाट्या होतात. एक अंडे सात-आठ रुपये, त्यात प्रथिने सहा ग्रॅम आणि डाळीत न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व. दोन केळी दहा रुपयांत येतात.

यातले काहीच नवीन नाही, हे मलाही माहीत आहे. अडचण वस्तूची नव्हती, वेळेची होती. साडेचारला आई घरी नसते. म्हणून आम्ही एवढेच ठरवले की अकरा वाजता स्वयंपाक करताना साडेचारचे खाणेही करायचे आणि मुलाच्या हाताला येईल अशा डब्यात ठेवायचे. एक दिवस शिजवलेले हरभरे, वरून कांदा आणि लिंबाची फोड. एक दिवस अर्धी भाकर, त्यावर जवसाची चटणी आणि थोडे तेल. एक दिवस उकडलेले अंडे सालासकट, मुले स्वतः सोलतात. एक दिवस मुरमुरे, शेंगदाणे, टमाटर. उन्हाळ्यात शिजवलेले हरभरे दुपारपर्यंत आंबतात, तेव्हा ते ठेवू नका. त्या दिवसांत कोरडे फुटाणे-दाणे बरे.

एक सावधगिरी. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. हसता-पळता दाणा श्वासनळीत जातो. अशी दोन लेकरे मी दवाखान्यात धावत आणलेली पाहिली आहेत. त्यांना कूट करून, गुळात लाडू वळून किंवा फुटाण्याचे पीठ पाण्यात-ताकात कालवून द्या. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला साखर नको, पुडी नको, दुधात बुडवलेले बिस्किटही नको. बाळ गप्प बसते खरे, पण पोट बिस्किटाने भरते आणि वरण-भाताला जागा उरत नाही.

पहिला आठवडा कठीण गेला. मुलगा डबा उघडून तसाच ठेवायचा आणि आजीकडे पैसे मागायचा. आजी बिचारी कमरेची पुरचुंडी सोडून द्यायची. मग आजीलाच सामील करून घेतले. डबा उघडून नातवंडांबरोबर बसून खायचे काम आजीचे. तिलाही चार वाजता भूक लागत होती, हे तोवर कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

डब्यातली लाज

मुलगी मात्र एक गोष्ट आईला सांगत नव्हती, ती मला सांगितली. शाळेत एकदा तिने भाकर आणि सुकटाची चटणी नेली होती. शेजारच्या मुलीने नाक दाबले आणि सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून ती डबा नेत नाही. पुडी नेली की कोणी हसत नाही, उलट मागतात.

हे वाचताना तुमच्यापैकी अनेकांना स्वतःची शाळा आठवेल. आपल्या घरातल्या अन्नाला नाक मुरडणारे आजचे नाहीत. पण याचा मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याकडे आपण कमी पाहिले. आपण लाजेने जे सोडले त्यातले पुष्कळ काही आहारशास्त्राच्या दृष्टीने उत्तम होते.

सुकट, जवळा, सुके बोंबील काट्यासकट खाल्ले की चुना म्हणजे कॅल्शियम मिळते आणि प्रथिने भरपूर. मीठ जास्त असते म्हणून आधी कोमट पाण्यात दोनदा धुवा. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर त्याला कमीच वाढा. कोंबडीची कलेजी-पोटा साध्या चिकनपेक्षा स्वस्त असतो आणि त्यातले लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज लागू पडते. अंबाडी, चिवळ, घोळ, पावसाळ्यातला तरोटा, हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला. शेवग्याचा पाला तर फुकट मिळतो, आपल्या वस्तीत एखाद्या तरी अंगणात झाड असतेच. ज्वारी-बाजरी-नाचणीचे तर काय सांगावे. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे आणि पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. नाचणीत दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम आहे. हे मी सारख्या वजनाचे सांगते आहे.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून मोठ्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे पोहे सुंदर डब्यांत दिसतात, भाव विचारायची सोय नाही. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या टायमाले भाकर अन् जवसाची चटणी खाऊन दिवसभर निंदण केलं बापा. तेव्हा कोणी विचारलं नाही."

जे मांस-मासे खात नाहीत त्यांनी मन खट्टू करू नये. डाळ, हरभरा, शेंगदाणे, तीळ, जवस आणि पालेभाजी यांवर मूल छान वाढते. फक्त ब-१२ साठी दूध, दही किंवा ताक रोजच्या जेवणात थोडे तरी असावे.

मुलीचा डबा आता आई वेगळ्या रीतीने भरते. सुकट घरी, रविवारी. शाळेत ज्वारीच्या पिठाचे कांदा-मेथी घातलेले धपाटे आणि दाण्याची चटणी. हा तोडगा पूर्ण न्यायाचा नाही, मला ठाऊक आहे. नाक दाबणाऱ्या मुलीला शिकवायला हवे होते. ते शाळेतल्या बाईंशी बोललो आहोत. तोवर पोरीने उपाशी का राहावे?

रक्त कशाने वाढते आणि कशाने नाही

लेकराचा चेहरा पांढरा दिसला की आपण काय करतो? बाप शंभर-दोनशे रुपयांचे डाळिंब आणतो. आई बीट किसून खायला घालते. रंग लाल म्हणून रक्त वाढते, असे आपल्याला वाटते. रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. सफरचंद कापल्यावर तपकिरी पडते ते लोहामुळे, हेही खरे नाही, सफरचंदात लोह नावालाच असते. गुळात थोडे लोह असते, पण शेवटी गूळ ही साखरच. फळे खावीत, त्यांचे इतर फायदे आहेत, पण रक्तासाठी म्हणून डाळिंबावर दोनशे रुपये घालवण्यापेक्षा पेरू, बोरे आणि आवळे घ्या, आणि उरलेल्या पैशाची अंडी.

तीच गोष्ट "ताकदीच्या" डब्यांची. दुधात घालायच्या त्या पावडरीत मोठा भाग साखरेचा आणि भाजलेल्या धान्याच्या पिठाचा असतो. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात "आरोग्य पेय" असा प्रकारच सांगितलेला नाही. म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये त्या नावाच्या रकान्यातून काढायला सांगितले. डबा परवडत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. बायांनो, तुमचे काही चुकलेले नाही.

लोह अंगी लागायचे असेल तर दोन साध्या गोष्टी. जेवणात आंबट काही असू द्या: लिंबू, आवळा, कच्चा टमाटर, पेरू. त्यातले क जीवनसत्त्व डाळ-भाजीतले लोह शरीरात ओढून घेते. आणि जेवणाबरोबर चहा नको. चहा लोह अडवतो. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा टाळा. मुलांची सकाळची चहा-पोळी यासाठीच मोडायला हवी. पोळी तीच राहू द्या, चहाच्या जागी दाण्याची चटणी, रात्रीचे वरण किंवा गरम आंबील. आमच्या त्या घरात सगळ्यात जास्त भांडण यावरच झाले, पुडीवर नाही. चहा सोडायला मुलगा तयार, पण बाप म्हणाला, चहाशिवाय सकाळ कशी होईल? बापाची सकाळ त्याने आपल्या चहाने करावी, असे ठरले.

नुसत्या खाण्याने ८.२ चे ११.५ होत नाही, हेही स्पष्ट सांगते. एवढे कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या लागतात आणि जंताचे औषध लागते. पोटात जंत असतील तर आधी त्यांचे पोट भरते. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आणखी एक, आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. विदर्भात सिकलसेलचा आजार आहे आणि त्यात आपल्या समाजातली घरेही आहेत. सिकलसेलमध्येही मूल फिके पडते, थकते, हातपाय दुखतात. पण ते लोह कमी असल्यामुळे होतेच असे नाही. म्हणून कोणाचे ऐकून दुकानातून लोहाची बाटली आणण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळले तर किती बरे. त्या मुलीची तपासणी आधी केली, ती सिकलसेलची नव्हती, मगच डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

रेशनच्या तांदळाबद्दलही थोडे बोलते. २०२१ नंतर टप्प्याटप्प्याने रेशनवर पोषक तत्त्वे मिसळलेला तांदूळ आला. शंभर दाण्यांत एक दाणा वेगळा, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ असते. तो पाण्यावर तरंगतो, रंगाने जरा निराळा दिसतो. आमच्या गल्लीत तो "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बायका वेचून फेकत होत्या. तो प्लास्टिकचा नाही, तांदळाच्याच पिठाचा आहे. निवडून टाकू नका, तांदूळ चार-पाच वेळा चोळून धुऊ नका आणि मांड ओतून देऊ नका, मांडाची पेज करा. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे माणूस असेल तर त्याच्यापुरते डॉक्टरांना विचारा.

जे आपल्या हक्काचे आहे

अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना मिळणारा आहार ही मेहरबानी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क आहे. शाळेतला आहारही तसाच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. खिचडीत डाळ दिसते का, हे एक दिवस शाळेत जाऊन बघा. भांडायला नको, नुसते बघायला जा. आई-बाप बघायला येतात हे कळले की डाळ थोडी घट्ट होते, असा माझा अनुभव आहे.

अंड्याची गोष्ट जरा कडू आहे. नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या राज्यात शाळेच्या आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे आणि न खाणाऱ्याला केळे द्यायचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. अंडी द्यायची असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावीत, असे सांगितले. ज्या शाळांत आपलीच मुले जास्त, तिथे लोकसहभाग कुठून यायचा? तरीही एक गोष्ट हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यापैकी किती जणी त्या समितीच्या बैठकीला जातात? अंड्याचा विषय तिथे लेखी मांडता येतो. आमच्या त्या वस्तीतल्या शाळेत दोघी जणींनी मांडला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

दुकानदाराशी मात्र लवकर जमले. तो माणूस वाईट नाही, जे खपते ते ठेवतो. महिला मंडळाच्या बायकांनी फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे आणि गुळाचा खडा घालून पाच रुपयांच्या पुड्या बांधायला सुरुवात केली. त्याला चार रुपयांना दिल्या. पहिले पंधरा दिवस त्याने त्या मागे, तेलाच्या डब्यांजवळ ठेवल्या आणि खपत नाहीत म्हणाला. मग एका बाईने स्वतःच माळ करून पुढे, मुलांच्या डोळ्यांसमोर बांधली. आता दिवसाला पंधरा-वीस जातात. चिप्सच्या पुड्या अजूनही यापेक्षा खूप जास्त जातात, खोटे कशाला सांगू. बुद्ध पौर्णिमेला विहारात मुलांना खाऊ म्हणून वाटायला मात्र याच पुड्या आणि केळी घेतली. आधी दरवर्षी तिथेही चिप्सच असायचे.

मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी १०.४ आले. गोळ्या अजून चालू आहेत. वर्गात झोपत नाही, असे बाईंनी सांगितले. मुलाशी तिच्या आईने करार केला आहे: सोमवार ते शनिवार डबा, आणि रविवारी दहा रुपयांची एक पुडी, पण दुपारच्या जेवणानंतर. मी मागच्या रविवारी गेले तेव्हा तो ती पुडी हातात घेऊन पायरीवर बसला होता आणि एकेक चिप्स मोजून खात होता. वरचे वजन त्याने मला वाचून दाखवले. मागच्या वेळेपेक्षा दोन ग्रॅम कमी भरले होते.